आपोआप आंबणाऱ्या गोष्टीला यंत्र कशाला?

साहित्यचर्चेसाठी राखलेल्या या पानावर घरच्या घरी बीअर करून देणाऱ्या यंत्राची चर्चा कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. तो रास्त आहे. आमच्यापुढे हा विषय आला तो एका पत्रव्यवहारातून, आणि तो पत्रव्यवहार थांबला म्हणून.

आमचा एक जुना स्नेही, एके काळी आमच्याबरोबर मराठी एम.ए.च्या वर्गात बसलेला आणि पुढे संगणकाच्या धंद्यात शिरून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर स्थिरावलेला, गेली काही वर्षे हौसेने घरी बीअर करत असे. त्याविषयी तो आम्हांला लांबलचक ई-पत्रे लिही. पहिल्या खेपेला बाटल्या भरताना साखरेचे माप चुकले आणि मध्यरात्री गॅरेजात एकामागून एक तीन बाटल्या कशा फुटल्या. दुसऱ्या खेपेला भांडे उतू जाऊन शेगडीवर चिकट थर बसला आणि तो खरवडताना आजीच्या गुळाच्या पाकाची आठवण कशी झाली. तिसऱ्या खेपेची बीअर कोणत्या अज्ञात जंतूच्या कृपेने ताकासारखी आंबट झाली आणि ती ओतून टाकावी की नाही यावर घरात किती वाद झाला. आम्ही बीअरचे रसिक नाही, पण त्या पत्रांचे रसिक होतो. मग त्याने एक स्वयंचलित यंत्र घेतले. त्यानंतर आलेल्या पत्रात यंत्राच्या पडद्याचे छायाचित्र होते आणि खाली दोन शब्द होते: "झाली. चांगलीय." पुढच्या खेपेचे पत्र आलेच नाही. आम्ही विचारले तेव्हा तो म्हणाला, बीअर उत्तम होते, दर वेळी होते, त्यात सांगण्यासारखे काही नाही. आणि मग त्याने आम्हांलाच विचारले: पैसे वसूल झाले असे समजावे का?

या प्रश्नाचे उत्तर आम्ही येथे देऊ पाहत आहोत.

*

आधी ही यंत्रे करतात काय ते पाहू. बीअरची कृती सांगायला सोपी आहे. मोड आणून वाळवलेल्या सातूची भरड सुमारे ६५ ते ६८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तासभर मुरवायची. त्या उष्णतेला धान्यातली विकरे पिठूळ द्रव्याची साखर करतात. तापमान पाचसात अंशांनी घसरले तर बीअर रोडावते, चढले तर गोड आणि जड होते. ते गोड पाणी गाळून घ्यायचे, हॉप्स नावाच्या वेलीची फुले घालून तास-दीड तास उकळायचे, झटपट थंड करायचे आणि त्यात यीस्ट सोडायचे. पुढचे एक-दोन आठवडे यीस्ट काम करते आणि माणूस वाट पाहतो. या सर्वांच्या आधी, मध्ये आणि नंतर भांडी धुवायची असतात. घरी बीअर करणाऱ्या कुणालाही विचारा, त्याचा निम्मा वेळ मोरीत गेलेला असतो.

यंत्रांनी या कृतीचे वेगवेगळे तुकडे उचलले. अमेरिकेत सिअ‍ॅटल येथे २०१० मध्ये स्थापन झालेल्या पिकोब्रू या कंपनीने २०१३ मध्ये 'झायमॅटिक' आणि २०१५ मध्ये 'पिको' ही यंत्रे लोकवर्गणीच्या मार्गाने बाजारात आणली. धान्य मुरवणे आणि उकळणे हे काम 'पिको' करी. भरड आणि हॉप्स घातलेले तयार पाकीट आत सरकवायचे. पाकिटावरची खूण वाचून यंत्र इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे कृती मागे आणि त्याप्रमाणे पाणी तापवी. आंबवण्याचे काम मात्र बाहेर, पिंपातच, पूर्वीसारखे चाले. उलट एलजी या कोरियन कंपनीने २०१९ मध्ये आणलेल्या 'होमब्रू' यंत्राने शिजवण्याचे काम मुळातच गाळले. त्याच्या कॅप्सूलमध्ये माल्टचा तयार अर्क, यीस्ट, हॉप्सचे तेल आणि स्वाद असे चारही जिन्नस भरलेले. पाणी घालून कळ दाबली की आंबवणे, वायू भरणे, मुरवणे, थंड करणे हे सारे यंत्रात होऊन दोन-तीन आठवड्यांत पाच लिटर बीअर मिळे. म्हणजे एका यंत्राने माणसाचे काम घेतले आणि वाट पाहणे त्याच्याकडे ठेवले. दुसऱ्याने कामच रद्द केले आणि वाट पाहण्याचे यांत्रिकीकरण केले. या दुसऱ्या यंत्राच्या अनावरणाची हकीकत गमतीची आहे. कंपनीकडे मद्याचा परवाना नसल्यामुळे सोलमध्ये निमंत्रितांना बीअर चाखायला देणे कायद्यात बसेना, म्हणून तो कार्यक्रम ब्रिटिश वकिलातीच्या आवारात झाला. घरगुती म्हणून जन्मलेल्या वस्तूला आपल्याच घरात प्रवेश नव्हता.

आता पैशांचा हिशेब. कोरियात त्या यंत्राची किंमत ३९ लाख ९० हजार वॉन होती. ते पाच वर्षे अखंड चालले आणि दर पंधरवड्याला त्याने पाच लिटरचा घाणा काढला असे उदार मनाने गृहीत धरले तर ६५० लिटर बीअर होते. कॅप्सूल, वीज, पाणी बाजूला ठेवून केवळ यंत्राचा भार दर लिटरला सहा हजार वॉनांच्या वर जातो. त्याच काळात सोलच्या कोपऱ्याकोपऱ्यावरच्या दुकानांत अर्ध्या लिटरचे चार डबे दहा हजार वॉनांना, म्हणजे लिटरला पाच हजार वॉन या भावाने मिळत. बीअर हवी म्हणून यंत्र घेणाऱ्याला हा व्यवहार आतबट्ट्याचाच पडणार. याउलट एक मोठे पातेले, झाकणाची बादली, तापमापी, घनतामापी आणि रबरी नळी एवढ्या सामग्रीवर, अमेरिकेत साधारण शंभर डॉलरांच्या आसपास, एका दिवसात एकोणीस-वीस लिटरचा घाणा निघतो.

तेव्हा पैशांच्या वसुलीचा प्रश्न येथेच निकालात निघतो. पण माणसे पैशांच्या हिशेबाने हौस करत नाहीत. पेटीवर बोटे फिरवायला शिकणारा माणूस सीडी स्वस्त पडते म्हणून शिकणे सोडत नाही. यंत्राचा पक्ष घेणारेही असेच म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे.

*

यंत्राविरुद्ध सर्वांत सोपा युक्तिवाद असा की, हाताने केलेले ते खरे आणि यंत्राने केलेले ते खोटे. साहित्याच्या माणसांना हा युक्तिवाद फार लवकर पटतो, म्हणून त्याच्यापासून जपले पाहिजे. बीअरच्या बाबतीत तर तो टिकतच नाही, कारण बीअरचा अलीकडचा सगळा इतिहास उपकरणांचा आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या मद्यकारांनी आधी तापमापी आणि मग घनतामापी हाती घेतली. कार्ल फोन लिंडेच्या शीतयंत्राला पहिला मोठा आश्रय मिळाला तो म्युनिकच्या बीअर कारखान्यात. पाश्चरचा बीअरवरील ग्रंथ १८७६ चा. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सनने यीस्टचे शुद्ध वाण वेगळे काढले ते १८८३ मध्ये. संख्याशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असलेली 'स्टुडंट'ची चाचणी १९०८ मध्ये ज्याने मांडली तो विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस कारखान्यातला रसायनज्ञ होता. थोड्या नमुन्यांवरून खात्रीचा निष्कर्ष कसा काढावा हा त्याच्यापुढचा प्रश्न सातू आणि हॉप्स यांच्या संदर्भातलाच होता. तेव्हा जो घरी बीअर करणारा तापमापी वापरतो आणि पुडीतले शुद्ध यीस्ट टाकतो, त्याने यंत्रयुगाशी केव्हाच तह केलेला आहे. त्याने यंत्राला पाहून नाक मुरडणे म्हणजे टंकलेखन यंत्र वापरणाऱ्याने संगणकावर लिहिणाऱ्याला कमअस्सल ठरवणे होय.

दुसरी गोष्ट अशी की बीअर मुळातच आपोआप होते. माणूस फक्त गोड पाणी करतो. बीअर यीस्ट करते. बव्हेरियात १५१६ साली बीअरमध्ये काय असावे याचा जो प्रसिद्ध नियम झाला त्यात सातू, हॉप्स आणि पाणी यांचाच उल्लेख आहे, यीस्टचा नाही. खरा कर्ता कागदावर नाहीच. हे आपल्याला नवे वाटू नये. आपल्या घरांत रात्री दुधाला विरजण लावून लोक झोपी जातात आणि सकाळी दही तयार असते. दूध कितपत कोमट आहे हे करंगळी सांगते, थंडीच्या दिवसांत भांडे कुठे ठेवायचे हे घरातली जुनी माणसे सांगतात, आणि एवढ्यावर दही लागते. उत्साहावर विरजण पडते असे आपण म्हणतो खरे, पण विरजण पडल्याशिवाय दही होत नाही. सारांश, जी प्रक्रिया स्वभावतःच स्वयंचलित आहे तिला 'स्वयंचलित' करणे म्हणजे काय, हा प्रश्न उरतो. यंत्र यीस्टचे काम करत नाही, करूही शकत नाही. ते करंगळीचे काम करते.

*

येथे आम्हांला जात्याची आठवण होते, आणि ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पिठाची गिरणी गावात आली आणि जाते थांबले. जाते थांबले तशी ओवीही थांबली. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून वर्षानुवर्षे खपून गावोगावच्या बायकांकडून ज्या ओव्या गोळा केल्या त्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरते. मराठीतला हा केवढा मोठा काव्यसंग्रह, आणि त्याची कवयित्री रोज पहाटे उठून दळत होती म्हणून तो झाला. साहित्याच्या वर्गात आपण ओवीच्या लोपाबद्दल हळहळतो. पण ज्या बाईचे खांदे दळून दुखले तिला विचारा. गिरणी आली तेव्हा ती रडली नाही. ओवी गेली याचे दुःख आपल्याला आहे. दळण गेले याचे सुख तिला आहे. आणि या दोहोंत निवड करायची तर तिचे सुख आधी मोजले पाहिजे. मिक्सरमुळे चटणीची चव गेली असे म्हणणारा पुरुष पाट्यावर वाटायला बसत नाही, हेही आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

मग बीअरच्या यंत्राला आमचा विरोध कोणत्या तोंडाने? या प्रश्नावर आम्ही पुष्कळ दिवस अडलो होतो. उत्तर असे सुचते की श्रम दोन प्रकारचे असतात. एक लादलेला, दुसरा निवडलेला. दळण लादलेले होते. ते ज्या यंत्राने उचलले त्याने माणसाला मोकळे केले. इंग्लंडात बीअर करणे हेही एके काळी असेच होते. हॉप्स आणि मोठे कारखाने येण्यापूर्वी तिथल्या घराघरांत बायकाच धान्याचे मद्य करत. ते रोजच्या घरकामाचा भाग होते, आणि काहींच्या पोटापाण्याचा आधारही. तो उद्योग पुरुषांच्या आणि भांडवलाच्या हाती गेला तेव्हा काय गमावले याचा हिशेब इतिहासकारांनी मांडला आहे. पण आज कॅलिफोर्नियातला किंवा सोलमधला जो माणूस घरी बीअर करू पाहतो त्याच्यावर ते काम कुणी लादलेले नाही. बीअर कोपऱ्यावर मिळते, चांगली मिळते, स्वस्त मिळते. तो बीअरसाठी बीअर करतच नाही. त्याला शनिवारची दुपार, उकळत्या सातूचा वास आणि आपल्या हातून काही घडल्याचा अनुभव हवा असतो. त्याला श्रमातून सोडवणारे यंत्र त्याला त्याने स्वतःहून मागितलेल्या गोष्टीतूनच सोडवते. गिरण्यावाल्याने घरी येऊन ओवी म्हणून दाखवावी आणि दळण मात्र बाईकडेच ठेवावे, तसा हा उलटा व्यवहार आहे. कारण यंत्राने शिजवले तरी भांडी आणि नळ्या धुण्याचे काम सहसा माणसाकडेच राहते.

या निवडलेल्या श्रमाचे महत्त्व करमणुकीपुरते नाही. ब्रिटनमध्ये घरी बीअर करण्यासाठी लागणारा परवाना १९६३ मध्ये रद्द झाला. अमेरिकेत १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरगुती बीअरवरचा संघराज्याचा कर उठला, आणि १९७९ पासून एका प्रौढाला वर्षाला शंभर गॅलन बीअर घरी करता येऊ लागली. त्याच १९७८ साली कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी चार्ली पापाझियन या शिक्षकाने घरी बीअर करणाऱ्यांची संघटना काढली. त्याचे १९८४ चे पुस्तक या छंदाचे क्रमिक पुस्तक ठरले. चिको गावात घरगुती बीअरचे साहित्य विकणारा केन ग्रॉसमन दुग्धव्यवसायातली जुनी भांडी जोडून १९८० मध्ये बीअर काढू लागला, आणि त्याची सिएरा नेवाडा ही पुढे अमेरिकेतली एक अग्रगण्य स्वतंत्र कंपनी झाली. अमेरिकेत मूठभर मोठ्या कंपन्यांची एकाच चवीची बीअर उरली होती. ती कोंडी ज्यांनी फोडली त्यांपैकी अनेकांनी सुरुवात बादली आणि पातेल्याने केली होती. चुकत चुकत शिकलेल्या लोकांनी चवीचा एक देश परत मिळवला. जो चुकूच शकत नाही, त्याच्या हातून असे काही घडेल काय?

*

आता भाषेकडे वळू, कारण आमच्या वाचकांना आणि आम्हांला खरी आस्था तिथे आहे.

मराठीत 'हात' हा उपसर्ग सामान्यतः मानाचा आहे. हातमाग, हातसडीचा तांदूळ, हातकागद, हातवळणीच्या शेवया: ज्याच्यामागे हात लागला त्याची किंमत वाढली. या कुळात एकच शब्द बदनाम आहे, तो म्हणजे हातभट्टी. इंग्रजीत घरी केलेल्या बीअरचा शब्द ऐकताच छंद, मित्र, शनिवार आठवतो. मराठीत हातभट्टी म्हणताच पोलिसांची धाड, रबरी ट्यूब आणि वर्तमानपत्रातली मृतांची यादी आठवते. याला कारणे आहेत. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे मिथेनॉलयुक्त दारूने शंभराहून अधिक माणसे मेली, आणि ती सगळी गरीब होती. हे विष बीअरसारख्या केवळ आंबवलेल्या पेयातून येत नाही. ते औद्योगिक अल्कोहोलच्या भेसळीतून येते. पण शब्द एवढा विवेक करत नाहीत, आणि १९४९ चा आपला दारूबंदी कायदाही करत नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय कोणतेही मद्य तयार करणे गुन्हा आहे. ते पातेल्यात करा, की लाखो रुपयांच्या यंत्रात. तेव्हा येथील वाचकाने हा लेख वाचून खरेदीला निघू नये.

या कायद्याची आणि त्यामागच्या नीतिविचाराची एक वाङ्मयीन बाजू आहे. आपल्या साहित्यात पिणे विपुल आहे, करणे जवळजवळ नाही. १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त प्याला आहे, भट्टी नाही. दारू तयार भरलेली येते आणि संसार बुडवते. ती कुणी केली, कशाची केली, करणाऱ्याचे पोट कशावर चालले, हे नाटकाला विचारायचेच नाही. गडकऱ्यांना हा दोष द्यायचा नाही. त्यांचा विषय वेगळा होता. पण तेव्हापासून मद्य हा मराठी लेखकाला केवळ परिणाम म्हणून ठाऊक आहे, कृती म्हणून नाही.

जगातले प्राचीन वाङ्मय याच्या उलट होते. सुमेरी भाषेतले निन्कासी देवीचे स्तोत्र सुमारे इसवी सनपूर्व १८०० च्या पाट्यांवर मिळते. निन्कासी ही बीअरची देवता, आणि तिची स्तुती म्हणजे बीअर करण्याचीच वाटचाल: धान्य भिजवणे, भाजणे, मुरवणे, गाळणे. स्तुती आणि पाककृती यांत फरकच नाही. १९८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रूइंगच्या फ्रिट्झ मेटॅग यांनी मानववंशशास्त्रज्ञ सॉलोमन कॅट्झ यांच्या साहाय्याने या स्तोत्राचा मिगेल सिव्हिल यांनी लावलेला अर्थ समोर ठेवून खरोखरच बीअर करून पाहिली. कवितेवरून पेय करता आले, ही घटना साहित्याच्या विद्यार्थ्याने विसरू नये. आपल्या ऋग्वेदाचे नववे मंडलही येथे आठवते. त्यातली ११४ सूक्ते सोम पवमानाला उद्देशून आहेत. सोम म्हणजे बीअर नव्हे, आणि ती वनस्पती कोणती याचा वाद मिटलेला नाही. पण 'पवमान' या शब्दाचा अर्थ पाहा: गाळला जात असलेला, गाळून शुद्ध होत असलेला. दगडांनी कुटणे, लोकरीतून झिरपणे, पात्रात टपटपणे या क्रियांवर एक अख्खे मंडल उभे आहे. प्यायल्यावर काय होते याला दुय्यम स्थान आहे. काव्य घडते ते पेय घडत असताना.

आता आमच्या स्नेह्याचे शेवटचे पत्र पुन्हा वाचावे. "झाली. चांगलीय." ही वाक्ये पिणाऱ्याची आहेत, करणाऱ्याची नाहीत. यंत्राने त्याला करणाऱ्यांच्या परंपरेतून उचलून पिणाऱ्यांच्या रांगेत बसवले. उतू जाणे, आंबट होणे, फुटणे ही क्रियापदे त्याच्या आयुष्यातून गेली, आणि त्यांच्याबरोबर गोष्टही गेली. हे भावुकपणाने म्हटलेले नाही. कथेला अडथळा लागतो हे आपण प्रत्येक वर्गात शिकवतो. ज्या कामात काही बिघडू शकत नाही त्या कामाची गोष्ट होत नाही, त्याची फक्त पावती होते.

*

एक बाजू अजून राहिली, ती मालकीची. येथे आम्ही ज्याची साक्ष काढणार आहोत तो माणूस दारूचा आणि यंत्रांचा, दोहोंचा टीकाकार म्हणून प्रसिद्ध आहे. १९२४ मध्ये रामचंद्रन या विद्यार्थ्याने गांधीजींना विचारले, तुम्ही सर्वच यंत्रांच्या विरुद्ध आहात काय? गांधीजींचे उत्तर नकारार्थी होते, आणि त्यांनी अपवाद म्हणून शिवणयंत्राचे उदाहरण दिले. सिंगरने ते पत्नीचे कष्ट पाहून तिच्यावरील प्रेमापोटी घडवले, असे त्यांनी सांगितले. पुढे १९२९ मध्ये चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. यंत्र हलके असावे, खेड्यातल्या साध्या घरात हाताने वा पायाने चालावे, बाईला फारसे श्रम न होता आठ तास चालवता यावे, किंमत दीडशे रुपयांहून अधिक नसावी, ते किमान वीस वर्षे टिकावे आणि वार्षिक दुरुस्तीचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. ते बक्षीस कुणालाच मिळाले नाही. अटी कदाचित अशक्य होत्या. पण यंत्राला कोणते प्रश्न विचारायचे, याचा तो उत्तम नमुना आहे: ते कुणाच्या घरात मावते, कोण दुरुस्त करतो, किती वर्षे टिकते.

हे प्रश्न 'पिको'ला विचारून पाहा. २०१६ मध्ये ते लोकांच्या घरी पोहोचू लागले. २०२० मध्ये कंपनी बुडून धनकोंच्या हाती गेली. तयार पाकिटे मिळेनाशी होणार हे उघड होते. त्याहून मोठी भीती अशी की यंत्राला कृती सांगणारा सर्व्हरच मुका झाला, तर ओट्यावरची धडधाकट वस्तू मेल्यात जमा होईल. ज्यांनी शेकडो डॉलर मोजले त्यांनी नेमके काय विकत घेतले होते? डबा त्यांचा होता, कृती दुसऱ्याची होती. पातेल्याला कुणाची परवानगी लागत नाही. पातेले बनवणारी कंपनी बुडाली तरी पातेले पाणी तापवते.

मात्र या पडझडीत एक गोष्ट घडली आणि ती आमच्या युक्तिवादाला पोषक असूनही यंत्राच्या बाजूने सांगितली पाहिजे. काही यंत्रमालकांनी हातपाय न गाळता यंत्र सर्व्हरशी काय बोलते ते ऐकले, आणि त्याच्याशी बोलणारा पर्यायी सर्व्हर स्वतः लिहून सर्वांसाठी मोकळा केला. एका लहानशा, स्वस्त संगणकावर तो घरात चालवता येतो, आणि कृती आपली आपण लिहिता येते. कळ दाबणारे पुन्हा कारागीर झाले. यंत्र चालत होते तोवर सांगण्यासारखे काही नव्हते. ते बंद पडायची वेळ आली आणि गोष्ट सुरू झाली.

*

तेव्हा आमचे मत. बीअर हवी असेल तर यंत्र महाग पडते, दुकानात जावे. बीअर करायची असेल तर यंत्र आड येते, पातेले घ्यावे. ज्याचे हात वा पाठ जड भांडी उचलू देत नाहीत, किंवा ज्याला एकच कृती एकेका अंशाच्या फरकाने पुन्हा पुन्हा तपासून पाहायची आहे, त्याला यंत्र खरोखर उपयोगी आहे. मात्र त्याने असे यंत्र घ्यावे ज्यात धान्य आपले, कृती आपली आणि तापमान आपण ठरवू ते; कॅप्सूल आणि पाकिटे मागणारे यंत्र घेऊ नये. तापमान राखण्याचे काम यंत्राला खुशाल द्यावे. काय करायचे आणि चुकले तर काय, हे ठरवण्याचे काम देऊ नये.

आम्ही हे सारे आमच्या स्नेह्याला कळवले. त्याचे उत्तर आठवड्याने आले आणि ते बरेच लांब होते. त्याने यंत्र विकलेले नाही. पण मागच्या शनिवारी गॅरेजातले जुने पातेले काढले, नाचणीला मोड आणून ती सातूत मिसळली, आणि नाचणी फुगून गाळणीची भोके अशी बुजली की गोड पाणी थेंबाथेंबाने खाली उतरायला रात्रीचे अकरा वाजले. बीअर कशी होईल हे त्याला ठाऊक नाही. पुढचे पत्र दोन आठवड्यांनी लिहीन, असे त्याने लिहिले आहे. आम्ही त्याची वाट पाहत आहोत.